पार्किंगमधली पाण्याची बारी

दुपारची झोप ही पुण्याने जगाला दिलेली एकमेव उपयोगी गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि ती झोप विजयमालाबाईंनी माझ्याकडून काढून घेतली. मी तक्रार करत नाही. घडलं ते सांगतो आहे.

मुलाने हडपसरला फ्लॅट घेतला, आम्हा नवराबायकोला नारायण पेठेतून उचलून तिथे आणून ठेवलं आणि स्वतः नोकरीसाठी हैदराबादला निघून गेला. तळमजला, पुढे छोटी बाल्कनी, बाल्कनीसमोर उघडं पार्किंग. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाने म्हातारपणी पांढऱ्या गाड्यांच्या रांगा बघत बसायचं, अशी ती सोय होती. मी जेवण झालं की वेताच्या खुर्चीत पाय लांब करायचो आणि डोळे मिटायचो.

तिथेच ती मला पहिल्यांदा दिसली. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, पायात भावाच्या नाहीतर भाच्याच्या असाव्यात अशा मोठ्या चपला. टळटळीत उन्हात ती गाड्यांमधून वाकडीतिकडी चालत होती. थोडं चालायची, थांबायची, ओठ हलवायची, मग पायाने काहीतरी सारल्यासारखं करायची आणि एका बाजूला वळायची. मोकळी वाट समोर असून ती दोन गाड्यांच्या फटीतून अंग चोरून जायची.

"ही बाई वेडी आहे का गं?" मी बायकोला विचारलं.

"जाऊन विचारा की," वासंती म्हणाली. "वेड्यांना तुमच्याशी बोलायला बरं वाटतं."

चार-पाच दुपारी मी दम धरला. पण अर्धवट झोपेत तिचं पुटपुटणं कानात शिरायचं आणि माझ्या स्वप्नात मिसळायचं. एकदा मी स्वप्नात वर्गात उभा होतो आणि बाकांच्या मधून पाणी वाहत येत होतं. मुलं वह्या वर धरून शांत बसली होती, कुणीच घाबरलेलं नव्हतं. जागा झालो तर ती बाई माझ्या बाल्कनीपासून हातभर अंतरावर उभी राहून म्हणत होती, "प्रस्ताव, स्वीकृती, मोकळी संमती."

"अहो बाई, काही हरवलं आहे का आपलं?" मी जितक्या खोचकपणे विचारता येईल तितक्या खोचकपणे विचारलं.

तिने दचकून पाहिलं आणि हसली. "न्हाय सर. हरवलेलं सापडतंय."

मग तिने सांगितलं ते असं. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन तिच्या वडिलांची. त्यांच्यामागे तिचा धाकटा भाऊ सर्जेराव याने ती बिल्डरला दिली आणि बदल्यात काही फ्लॅट घेतले. विजयमालाबाईंचे यजमान वारल्यावर त्यांना आणि त्यांच्या आईला, बायडाबाईंना, भावाने त्यातलाच एक फ्लॅट राहायला दिला होता. बाई मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या होत्या आणि आता त्यांना वकिलीला जायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. क्लास लावायला मन घेईना, तिथे सगळी लेकराच्या वयाची पोरं. म्हणून घरीच अभ्यास, तोही ठरलेल्या वेळी.

"घरी? मग इथे गाड्यांमध्ये काय करता?"

"घरात ध्यानात राहत न्हाय सर. शेतात राहतं."

हळूहळू माझ्या लक्षात आलं. या जमिनीला कॅनॉलचं पाणी होतं. पाणी बारीने यायचं. आज तुमची बारी, उद्या शेजाऱ्याची. आपली वेळ आली की पाटावर जायचं, बांधाचं तोंड फोडून पाणी एका वाफ्यात घ्यायचं, तो भरला की फावड्याने माती ओढून तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. लग्न होईपर्यंत वडिलांबरोबर दारं धरायचं काम विजयमालाबाईंचं होतं. आता त्या प्रत्येक वाफ्यात एकेक विषय सोडत होत्या. लिफ्टच्या बाजूला कांदा होता, तिथे मूलभूत हक्क. माझ्या बाल्कनीखाली मेथी, तिथे करार. पलीकडे, डॉक्टरांची लाल गाडी उभी असते तिथे, मुरमाड तुकडा. त्यात तर्काची कोडी. आणि सगळ्यात शेवटी, कंपाउंडला लागून, आस्टरची फुलं. तो वाफा इंग्रजीचा.

"आस्टर का?"

"ते लई आवडायचं," त्या म्हणाल्या. "आणि इंग्रजी लई अवघड. म्हटलं, चांगल्या जागी ठेवावं."

मी दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून एक जुनं व्याकरणाचं पुस्तक खाली दिलं. वासंती म्हणाली, "झोप गेली वाटतं." खरंच गेली होती.

त्यानंतर दुपारी मी कठड्याला टेकून बसायचो आणि त्या आस्टरपर्यंत पोचल्या की शब्द विचारायचो. त्या पाठ करत नसत. डोळे मिटून वाकायच्या, जणू फूल बघतायत, आणि अर्थ सांगायच्या. चुकल्या की म्हणायच्या, "हा उगवला न्हाय अजून." सुरुवातीला मला हसू यायचं. मग मलाही तो वाफा थोडाथोडा दिसायला लागला. जांभळा, गुलाबी, मध्ये पिवळा ठिपका. गाड्या तिथेच होत्या, पण त्यांच्या चाकांखालून कुठूनतरी ओल्या मातीचा वास यायचा. मी हे वासंतीला सांगितलं नाही. तिने डॉक्टरांना फोन केला असता.

ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बायडाबाई बसलेल्या असत. तिथे पूर्वी विहीर होती. लेकीकडे त्यांचं लक्ष नसे. विहिरीत डोकावावं तशा त्या फरशीकडे बघत बसायच्या. मी नमस्कार केला की म्हणायच्या, "बसा मास्तर, हितं गार लागतंय." आणि लागायचंही.

वेळापत्रक पाळणं म्हणजे काय ते मी विजयमालाबाईंकडून शिकलो. माझ्या विद्यार्थ्यांना मी भिंतीवर चिकटवायचे रंगीत तक्ते करून दिले, आणि ते तक्ते भिंतीवरच राहिले. यांच्याकडे तक्ता नव्हता. सकाळी दूध यायच्या आधी एक बारी, दुपारी एक. घरी पाहुणे असोत, ताप असो, त्या उठून खाली यायच्या. मी एकदा म्हणालो, अहो, एखाद दिवस राहिलं तर काय बिघडेल? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं बालपण आठवलं. "बारी चुकली की पाणी पुढच्याच्या रानात जातं सर. परत येत न्हाय."

सर्जेरावांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम होता. स्पीकर दणाणत होते. दुपारी बघतो तर विजयमालाबाई गालांना हळद, अंगावर नवी कोरी साडी, अशा गाड्यांमधून चालतायत. आत्या म्हणून मुलीला हळद लावायची म्हणून आत सगळे त्यांना शोधत होते. सर्जेराव धापा टाकत बाहेर आले. चांगला दणकट माणूस, पांढरा शर्ट, हातात फोन.

"आक्का, समदी वाट बघत्यात! काय लावलंय हे?"

"सर्जा, माझी पाण्याची बारी हाय," त्या न थांबता म्हणाल्या.

सर्जेराव जागच्या जागी थांबले. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांच्या घरात एक रीत होती; दारं धरणाऱ्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, घरात मयत झाली तरी निरोप बांधावर थांबायचा. सर्जेरावांचा हात फोनसकट खाली आला. ते फरशीवरच्या एका पांढऱ्या पट्टीच्या कडेला उभे राहिले, तिथे बांध असावा, आणि बहीण कंपाउंडपर्यंत जाऊन येईतो तसेच उभे होते. स्पीकरचा आवाज कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला. मग दोघं मिळून हळदीला गेले.

त्याच संध्याकाळी सर्जेराव पेढे घेऊन आमच्याकडे आले. पेढे हे निमित्त होतं.

"सर, तुमाला इचारतो. आक्का वकील हून केस करनार हाय का माज्यावर?"

"का करतील?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, जमीन बिल्डरला द्यायच्या आधी आक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. आमच्यात समद्याच बहिणी देतात. साडीचोळी केली, जेवण केलं. मी बोट ठेवलं, तिनं सही केली. "वाचलं न्हाय तिनं. मीबी वाचू दिलं न्हाय म्हणा. गाडी खाली उभी हुती, घाई हुती."

वासंती आतून म्हणाली, "पेढे ताजे आहेत हो," आणि ते एवढं कोरडं म्हणाली की सर्जेराव उठले.

दुसऱ्या दिवशी मेथीच्या वाफ्याशी मी विजयमालाबाईंना सरळच विचारलं.

"केस न्हाय करायची सर. सर्जा वाईट न्हाय. मागितलं असतं तर मी वाचूनबी सहीच केली असती, भाऊ हाय. पण मला वाचायचं हुतं. त्या हापिसात माझ्यासारख्या चार बायका बसल्या हुत्या, नव्या साड्या नेसून. समद्या बोट दाखवलं तिथं सही करत हुत्या. मला रोज ते सपान पडतं. सपानात मी टेबलाच्या पलीकडं असते आणि म्हणते, थांबा, आधी वाचा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्या टेबलापलीकडं जायचंय मला. एवढंच."

मी त्या दिवशी शब्द विचारले नाहीत. मला ते स्वप्न माझंच असल्यासारखं वाटायला लागलं, आणि ते पूर्ण व्हावं असं मनापासून वाटलं. माझ्या वयात असं काही वाटण्याची सवय राहिलेली नसते.

परीक्षा झाली आणि बाई नापास झाल्या असं म्हणता येणार नाही, पण कुठल्याही कॉलेजात नंबर लागणार नाही इतके कमी गुण पडले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मान खाली घालून सांगितलं. कांदा भिजला, मेथी भिजली, मग मुरमाड तुकडा आला. तर्काचं एक कोडं सुटेना. तिथेच अडल्या. वेळ संपला तेव्हा आस्टरच्या वाफ्यात थेंबही गेला नव्हता.

"म्हणजे इंग्रजीचा एकही प्रश्न बघितला नाहीत?" माझा आवाज चढला. "सोडून पुढे का नाही गेलात? कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं होतं!"

"अर्धा वाफा सोडायचा न्हाय, असं दादा म्हणायचे, आमचे वडील."

"तुमचे दादा परीक्षेला बसले नव्हते, बाई!"

हे मी बोलायला नको होतं. त्या रडल्या नाहीत, पण त्या दुपारी पार्किंगमध्ये फक्त गाड्या दिसल्या. ओला वास नाही, काही नाही. नुसतं तापलेलं सिमेंट. दोन दिवसांनी त्या पुन्हा चालायला लागल्या तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी वासंतीला उगाचच आमटी चांगली झालीय म्हणालो, तिच्यात मीठ नसताना.

पुढल्या वर्षासाठी मी रविवारी सबंध पेपर समोर बसून सोडवून घ्यायला लागलो, घड्याळ लावून. मुरमाडाशी त्या दर वेळी अडायच्या. पुढे जा म्हटलं की जायच्या, पण मन मागेच. अर्धा सोडलेला वाफा त्यांना खुपायचा आणि पुढची उत्तरं चुकायची. सांगून सुटण्यासारखं ते नव्हतं. वडिलांनी लहानपणी हाताला लावलेलं वळण इंग्रजीच्या मास्तराने कसं मोडायचं?

ते मोडलं बायडाबाईंनी. एका दुपारी मी कठड्याशी वैतागून म्हणत होतो, "तो मुरमाड सोडा हो, सोडा एकदाचा!" तेव्हा ट्रान्सफॉर्मरखालून म्हातारीचा आवाज आला.

"मास्तर बराबर बोलतोय."

विजयमालाबाई वळल्या.

"तुझा जलम व्हायचा हुता तवा," बायडाबाई फरशीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात. पाट यायचा तो करंगळीएवढा. तुझा बा मुरमाडाला पानी दावतच नव्हता. म्हनायचा, ह्यो समदं पिऊन बसंल आनि खालचं वाळून जाईल. आदी पार खालच्या वाफ्याला न्यायचा. मग वर यायचा. मुरमाड शेवटाला. उरलं तर त्याला, न्हाय तर न्हाय."

"पण दादा तर मला..."

"तुला शिकिवलं तवा पाटाला पानी लई हुतं गं."

विजयमालाबाई डॉक्टरांच्या लाल गाडीकडे बघत होत्या. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, अनवाणी त्या गाडीला वळसा घातला आणि सरळ कंपाउंडपाशी गेल्या. तिथून उलट्या क्रमाने चालत आल्या; आस्टर, मेथी, कांदा. तापलेल्या फरशीवर त्या ओल्या मातीतून चालल्यासारख्या पावलं टाकत होत्या. मी देवाशपथ सांगतो, मला गाड्यांमधून पाणी चमकत जाताना दिसलं. उन्हाचा भास असेल. पण भास असला तरी मला तो हवा होता.

परीक्षेला मी आणि बायडाबाई रिक्षातून बरोबर गेलो. केंद्र विश्रांतवाडीच्याही पुढे होतं. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. म्हातारीने कुठल्याशा गाडीखालच्या ओल्या डागावर नजर लावली होती, एसीचं पाणी गळत होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा मी उठून पुढे गेलो.

"इंग्रजी?" मी विचारलं.

"आधी आस्टरच भिजवला सर," त्या म्हणाल्या. "मुरमाड थोडा कोरडा राहिला. राहू दे."

निकाल लागला, नंबर लागला. शहरातलंच कॉलेज, सकाळचे वर्ग. प्रवेशाच्या दिवशी सर्जेरावांनी स्वतःहून गाडी काढली आणि मला म्हणाले, सर, तुमीबी चला. बहिणीची कागदपत्रं त्यांनी एका फाइलमध्ये लावून घेतली होती आणि ती फाइल ते दोन्ही हातांनी धरून चालत होते.

खिडकीपुढे मोठी रांग होती. आमचा नंबर आला. आतल्या कारकुनाने एक छापील पत्रक पुढे सरकवलं, खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि वर न बघता म्हणाला, "इथं सही करा."

विजयमालाबाईंनी पेन उचललं. त्यांचा हात त्या बोटापाशी गेला आणि थांबला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, पदरात गुंडाळलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मनातल्या मनात नाही, ओठ हलवत, गाड्यांमध्ये दारं धरताना पुटपुटायच्या तशा.

"अहो मॅडम, सगळे नुसती सही करतात," कारकून म्हणाला. "हमीपत्र आहे. नेहमीचंच." मागे चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, आंटी, पटकन. मी पुणेरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मला बोलायची वेळच आली नाही.

सर्जेराव पुढे झाले. त्यांनी रांगेकडे पाठ केली, बहिणीच्या आणि त्या मुलांच्या मध्ये, बांधाच्या कडेला उभे राहावं तसे उभे राहिले. मानेवरच्या शिरा ताणल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

"थांबा," ते कारकुनाला म्हणाले. "तिला वाचू द्या."

कारकुनाने बोट उचललं. विजयमालाबाईंनी भावाकडे पाहिलं नाही, पण त्या क्षणभर थांबल्या आणि पान उलटून पुन्हा वाचायला लागल्या. मी खिडकीला टेकून उभा राहिलो. मला कुठेही जायची घाई नव्हती. त्यांचं सगळं वाचून झालं आणि मग त्यांनी सही केली.